फुरसुंगीची सायकल आणि न्यूयॉर्कचे कोळिष्टक

ज्या वयात आवाज बदलतो, आरशासमोरचा वेळ वाढतो आणि घरातल्या प्रत्येक वाक्याचा राग येऊ लागतो, त्या वयासाठी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. बालवाङ्मय आहे आणि ते भरपूर आहे. प्रौढ वाङ्मयाबद्दल तर बोलायलाच नको. पण तेरा ते एकोणीस या मधल्या वर्षांतल्या मुलामुलींची पुस्तके कोणत्या कपाटात आहेत, असे विचारले तर ग्रंथपालही क्षणभर थांबतात. इंग्रजीत मात्र या वयाला एक भलताच आश्रयदाता मिळाला. तो म्हणजे स्वस्त कागदावर छापलेला, रंगीत, काही सेंटांना मिळणारा चित्रकथेचा अंक. त्या अंकांतला किशोरवयीन महानायक आणि आपल्याकडे त्याचा जो भाऊबंद आहे तो, या दोघांविषयी मला लिहायचे आहे. विषय हलका आहे असे आमच्या काही गुरुजनांना वाटेल. त्यांनी लेख संपेपर्यंत थांबावे, एवढीच विनंती.

किशोर नायक अमेरिकन चित्रकथांत सुरुवातीपासून होता, पण तो नायक म्हणून नव्हता. १९४० साली बॅटमनच्या जोडीला रॉबिन नावाचा पोरगा आला तो मदतनीस म्हणून. मोठ्या माणसाने पराक्रम करायचा आणि पोराने मागून दोरी धरायची, अशी ती वाटणी होती. त्याच वर्षी बिली बॅटसन नावाचा एक अनाथ, वर्तमानपत्रे विकणारा मुलगा आला. तो एक मंत्र उच्चारतो आणि त्याचा धिप्पाड पुरुष होतो. म्हणजे पराक्रम शेवटी पुरुषच करतो, मुलगा नुसता मंत्र म्हणतो! १९४५ साली सुपरमॅनचे पोरवय दाखवणारा सुपरबॉय आला. तो एका लहानशा गावात राहतो, आईबापांच्या किराणा दुकानात हातभार लावतो, हे चांगले आहे. पण त्याला जन्मतःच सगळे येते. ज्याला सगळे येते त्याला किशोर कशाला म्हणायचे?

हे गणित बदलले १९६२ साली. त्या वर्षी ऑगस्टच्या ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या पंधराव्या अंकात स्टॅन ली या लेखकाने आणि स्टीव्ह डिट्को या चित्रकाराने स्पायडरमॅन आणला. मासिक बंदच पडायचे होते आणि तो त्याचा शेवटचा अंक होता. नायक पीटर पार्कर हा माध्यमिक शाळेत शिकणारा, चष्मा लावणारा, पुस्तकात डोके घालून बसणारा पोर. आईबाप नाहीत. काका-काकूंनी वाढवलेले. विज्ञानाच्या एका प्रदर्शनात किरणोत्सर्गी कोळी त्याला चावतो आणि त्याच्या अंगी कोळ्याचे बळ येते. ते बळ घेऊन तो आधी काय करतो, तर कुस्तीच्या आखाड्यात उतरून पैसे मिळवतो! पळून जाणारा एक चोर समोरून जातो, त्याला अडवण्याची तसदी तो घेत नाही. पुढे तोच चोर काकाचा खून करतो. इथून स्पायडरमॅनची कथा सुरू होते.

ही सुरुवातीची गोष्ट सिनेमांमुळे आता सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटतात ते त्यानंतरचे अंक. ते मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या एका जाडजूड, कृष्णधवल, मुखपृष्ठ फाटलेल्या संग्रहात, इंग्रजी कोश शेजारी ठेवून वाचले. १९६३ च्या मार्चमध्ये त्याच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला. काका गेल्यावर घरात कमावणारे कोणी नाही. घरभाडे थकले आहे. पीटर मुखवटा घालून रंगमंचावर कसरती करतो आणि त्याबद्दल त्याला धनादेश मिळतो, पण तो ‘स्पायडरमॅन’ या नावाने! बँकेतला माणूस ओळखपत्र मागतो. ते त्याच्याकडे कुठून असणार? पैसे मिळत नाहीत. काकू आपले दागिने गहाण टाकते. भिंतीवर सरसर चढणारा हा बहाद्दर बँकेच्या खिडकीपाशी हरतो.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो साहसाने नव्हे. दाखल्यावर नाव एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे, म्हणून शिष्यवृत्ती अडकलेले किती विद्यार्थी या वर्गांत बसले आहेत, हे हात वर करायला सांगितले तर कळेल. दागिने गहाण ठेवून फी भरली गेलेली घरे तर मोजायलाच नकोत. ही गोष्ट न्यूयॉर्कमधल्या दोन माणसांनी साठ वर्षांपूर्वी, मुलांच्या रंगीत अंकात लिहून ठेवली होती!

पुढे १९६५ च्या डिसेंबरच्या अंकात, म्हणजे एकतिसाव्या अंकात, हा मुलगा शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात दाखल होतो. पहिल्याच दिवसांत काकू आजारी पडते. तो काळजीत असल्याने नव्या वर्गमित्रांच्या बोलण्याकडे त्याचे लक्ष जात नाही, आणि ते ठरवून टाकतात की हा फार शिष्ट आहे. ही चूक आपल्या कट्ट्यावर रोज होते. तास संपला की जो मुलगा थेट एस.टी. स्टँड गाठतो त्याला आपण घुम्या म्हणतो. त्याला घरी जाऊन दारे धरायची असतात हे आपल्याला माहीत नसते. दोन अंकांनंतर, तेहतिसाव्या अंकात, पीटर प्रचंड यंत्राखाली दबला आहे, पाणी चढते आहे आणि काकूचे औषध समोर, पण हाताच्या टप्प्याबाहेर पडले आहे. डिट्कोने पानामागून पान तो पोर ते ओझे कसे उचलतो एवढेच दाखवले आहे. राक्षस नाही, मारामारी नाही. ती पाने ज्याने पाहिली तो चित्रकथेला पुन्हा हलकी म्हणणार नाही, असे मला वाटते.

तेव्हा माझे म्हणणे असे. स्पायडरमॅन जगभरच्या पोरांना आपला वाटला तो त्याच्या जाळ्यामुळे नव्हे, घरभाड्यामुळे. बळ कोणालाही देता येते. बळ असूनही ज्याच्या अडचणी सुटत नाहीत असा नायक घडवणे अवघड असते.

आता आपल्याकडे येऊ. १९६४ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, ते १९९० पर्यंत चालले. मराठीतही हे अंक निघत आणि त्यांतला ‘वेताळ’ आमच्या आधीच्या पिढीने पारायणे करून वाचला. तो अनुवादित होता, आणि खरे सांगायचे तर जंगलातल्या काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या देखरेख करणारा गोरा पुरुष हा काही आपला नातलग नव्हे. त्याच मालिकेत १९७६ साली आबिद सुरतींनी ‘बहादूर’ आणला. हा दरोडेखोराचा मुलगा, आधी बापाचा सूड घ्यायला निघालेला, नंतर गावकऱ्यांचे संरक्षण दल उभारणारा. कुर्ता घालणारा हा तरुण पहिल्यांदा इथल्या मातीतला वाटला. हिंदीत १९८७ साली अनुपम सिन्हांचा ‘सुपर कमांडो ध्रुव’ आला, सर्कशीत वाढलेला, अंगी कोणतीच दैवी शक्ती नसलेला, डोक्याने आणि मोटारसायकलीने काम भागवणारा. पण हे दोघे हिंदी मुलखातले.

मराठीतला खरा किशोर नायक एकच. तो चित्रकथेत नाही, पुस्तकांत आहे. त्याचे नाव बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) त्याला जन्म दिला आणि १९७० व १९८० च्या दशकांत मराठी मुलांनी त्याच्यावर जीव टाकला. काटकुळा, चौकड्यांचा शर्ट घालणारा, सायकलीवर वाऱ्यासारखा सुटणारा, जिभेने ‘टॉक’ असा आवाज काढणारा हा पोरगा पुण्यात ‘विद्याभवन’ शाळेत शिकतो. आणि गाव? फुरसुंगी! राहूहून पुण्याला जाताना हडपसरच्या अलीकडे डाव्या हाताला आत जे गाव लागते, तेच. लंडन-न्यूयॉर्क सोडा, मुंबईही नव्हे. हवेली तालुक्यातले एक खेडे भागवतांनी मराठी साहसकथेच्या नकाशावर आणले. ज्या काळात गोष्टीतली मुले बहुधा सदाशिव पेठेत नाही तर दादरला राहत, त्या काळात हे थोडे नव्हते. शिवाय त्याला बळ काहीच नाही. कोळी चावलेला नाही, मंत्र नाही, परग्रह नाही. एक सायकल, चौकस नाक आणि गप्प न बसवणारा स्वभाव. महानायकांच्या सगळ्या गर्दीत मला हा जास्त मोठा वाटतो, कारण त्याच्यासारखे होण्यासाठी वाट पाहावी लागत नाही.

तरीही फेण्याबद्दल एक तक्रार मला करायची आहे, आणि ती प्रेमाने करते. त्याला घरची चिंता नाही. तो काश्मीरला जातो, प्रतापगडावर जातो, विमानचोरांशी झुंजतो, पण फी थकली म्हणून त्याचे नाव पटावरून जाईल अशी भीती त्याला वाटत नाही. आणि दुसरे म्हणजे, फुरसुंगी हे त्याचे गाव खरे, पण बहुतेक साहसे त्याला पुण्यात किंवा पुण्यापलीकडे सापडतात. जणू गावाने नायक पुरवायचा आणि घटना शहराने! २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि तिथल्या गैरव्यवहाराशी भिडतो. विद्यार्थ्याच्या जीवनमरणाचा प्रश्न म्हणजे प्रवेशपरीक्षा, हे ओळखल्याबद्दल त्या लेखकांचे कौतुक केले पाहिजे. पण पुन्हा पुणेच. दरम्यान प्रत्यक्षातली फुरसुंगी वर्तमानपत्रांत गाजत राहिली ती शेजारच्या उरुळी देवाचीसह, पुण्याच्या कचरा डेपोमुळे. दुर्गंधी, विहिरींचे बिघडलेले पाणी, कचऱ्याच्या गाड्या अडवणारे गावकरी. फास्टर फेणेच्या स्वतःच्या गावातले हे प्रकरण त्याला सोडवायला कोणी का दिले नाही?

इथे कोणी म्हणेल की मराठीला किशोर नायकांची वाण कधी होती? ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, तेव्हा माउली जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. भिंत चालवल्याची, रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तोरण्यावर तोरण बांधणारे शिवराय सोळा-सतरा वर्षांचे होते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथे’ने असे कितीतरी थोर पुरुष चित्रांत आणले. हे सगळे मला मान्य आहे आणि त्यांच्यापुढे माझे डोके नम्र आहे. परंतु पूज्य नायक आणि सोबती नायक यांत फरक असतो. पूज्य नायक चुकत नाही. तो परीक्षेत नापास होत नाही, त्याची बस चुकत नाही, त्याला न्यूनगंड नसतो. आपण त्याच्या पाया पडतो, त्याच्याजवळ रडत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाला दोन्ही लागतात. पहिला आपल्याकडे उदंड आहे.

या दुसऱ्या नायकाच्या अगदी जवळ येऊन गेलेला एक पोरगा २००४ साली भारतात अवतरला होता. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी स्पायडरमॅनचा भारतीय अवतार रचला, पवित्र प्रभाकर. हा खेड्यातला मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो. सोबत माया काकू आणि भीम काका. शाळेतली मुले त्याच्या राहणीवरून त्याला चिडवतात. वाचताना वाटले, अरे, हा तर आपल्यातला! पण चारच अंकांत कथा आटोपली. आणि त्या चार अंकांतही दोन गोष्टी मला खटकल्या. एक, त्याला धोतर नेसवले आहे. आमच्याकडे धोतर आजोबा नेसतात. मुले, मग ती कितीही गरीब असोत, पँट घालतात. खेड्यातला म्हणजे धोतरातला, हे चित्र दुरून काढलेले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. न्यूयॉर्कच्या मुलाला बळ मिळाले विज्ञान प्रदर्शनात, आपल्या मुलाला ते देतो एक योगी! शिष्यवृत्ती मिळवून शहरात आलेला हा हुशार विद्यार्थी, त्याच्या हातातून प्रयोगशाळा काढून घेतली आणि गूढ विद्या ठेवली. कोणाला सोयीचे वाटले हे? २०२३ साली याच पवित्रला घेऊन अमेरिकन सचित्रपट आला आणि तो भारतात मराठीतूनही दाखवला गेला. मराठीत बोलणारा स्पायडरमॅन ऐकून आनंद झाला, खोटे कशाला बोलू. मात्र तोपर्यंत पवित्र मजेत हिंडणारा, देखण्या केसांचा तरुण झाला होता. शिष्यवृत्ती कुठे गेली कोणास ठाऊक.

एक बाजू मुलींची. ही सगळी मंडळी रात्री खिडकीतून बाहेर पडतात. पीटर पडतो, फेणे सायकल काढतो. आम्हांला शेवटची एस.टी. चुकली तर घरात दोन दिवस त्यावर चर्चा असते. त्यामुळे २०१४ साली सुरू झालेल्या कमला खानच्या मालिकेने मला चकित केले. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची, पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी घरच्यांचा नकार असताना रात्री चोरून बाहेर पडते आणि त्याच रात्री तिला शक्ती मिळते. त्यापुढे तिची खरी लढाई खलनायकाशी जेवढी, तेवढीच आईवडिलांना काय सांगायचे याच्याशी आहे. आईवडील दुष्ट नाहीत, भ्यालेले आहेत, हेही तिथे दाखवले आहे. गिरण बंद पडलेल्या वस्तीतल्या बापाची भीती आणि जर्सी सिटीतल्या बापाची भीती यांत फार अंतर नसावे.

साहसाला विषय गावात नाहीत, असे तर कोणी म्हणूच नये. राहू बेटात या. उसाच्या फडात बिबट्या आहे आणि शेतीपंपाची वीज रात्री येते, तेव्हा पोराला बॅटरी घेऊन बापाबरोबर जावेच लागते. गुऱ्हाळाची चुलवणे रात्रभर धगधगतात. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येते आणि जलपर्णीने पात्र असे हिरवे होते की नवख्याला ते कुरण वाटावे. पुढे भीमेच्या पात्रातली वाळू अंधारात उपसली जाते आणि सकाळी कोणी काही पाहिलेले नसते. ऊसतोडीच्या मजुरांची मुले दरसाल हंगामात येतात, कोपीत राहतात आणि हंगाम संपला की पटावरून पुसल्यासारखी नाहीशी होतात. त्यांच्यातलीच एखादी चौदा वर्षांची पोर, जिला फडातली प्रत्येक वाट आणि बिबट्याचा प्रत्येक माग ठाऊक आहे, जी दर चार महिन्यांनी शाळा बदलते आणि म्हणून दोन तालुक्यांतली सगळी गुपिते जिच्याजवळ आहेत, ती नायिका म्हणून कशी वाटते? तिला कोळी चावण्याची गरज नाही.

मग असे होत का नाही? एक कारण सरळ पैशाचे आहे. चित्रकथेला लेखक, चित्रकार, अक्षरलेखक आणि रंगीत छपाई लागते. दर महिन्याला अंक काढायचा तर हजारो प्रती खपल्या पाहिजेत. इंग्रजी आणि हिंदीला ते जमते, मराठीला जड जाते. १९७१ पासून ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक चालू आहे, ही भाग्याची गोष्ट. पण एका मासिकाने किती ओझे वाहावे? दुसरे कारण आपल्या मनात आहे. चित्रे पाहून वाचणे म्हणजे अर्धे वाचणे, असा समज विद्वानांत पक्का आहे. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकांचे कपाट आहे त्यांना तो परवडतो. ज्या घरात पाठ्यपुस्तक आणि पंचांग यांखेरीज छापील कागद नाही, तिथे वाचनाची पहिली पायरी चित्राचीच असते. माझ्या आईला अक्षरओळख बेताची आहे. तो फाटका संग्रह मात्र तिने चित्रांवरून पाहिला आणि गहाणाच्या पानापाशी थांबून विचारले, “ही बाई पाटल्या मोडतीया का?” इंग्रजीचा एक शब्दही न वाचता तिला कथा कळली होती. चित्रकथेने भाषा बिघडते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आमच्या ग्रंथालयात ज्ञानकोशाचे खंड आहेत, समीक्षेची तीन कपाटे आहेत आणि फास्टर फेणेचे एकही पुस्तक नाही. वीसेक छोटी पुस्तके आहेत ती, एका संदर्भग्रंथाच्या किमतीत बहुतेक सगळी येतील. ती घ्यावीत असा अर्ज मराठी विभागातील काही विद्यार्थ्यांनी तयार केला आहे, सह्या चालू आहेत. संपादक मंडळाला आणखी एक सूचना. पुढच्या वार्षिकांकात कवितांची चार पाने कमी करून (कवींनी क्षमा करावी) ती चित्रकथेला द्यावीत. प्रथम वर्षात दोन हात असे आहेत की जे वहीच्या मागच्या पानावर प्राध्यापकांची हुबेहूब चित्रे काढतात. त्यांची नावे मी इथे देत नाही. उसाच्या फडातल्या त्या पोरीची पहिली चार पाने मी लिहायला घेतली आहेत. तिची सायकल जुनी आहे आणि चेन सारखी उतरते, एवढे ठरले आहे. नाव अजून सापडलेले नाही.